चांगले पेट्रोल

गाडी वडिलांची म्हणावी की सासऱ्यांची, इथपासूनच आमची अडचण सुरू होते. हा मजकूर आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. ‘आम्ही’ हे सर्वनाम निबंधमालाकारांच्या ऐटीत धारण केलेले नाही. आम्ही खरोखरच दोघे आहोत, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच घरात राहतो आणि गेले वर्षभर एकाच मोटारसायकलीविषयी भांडतो आहोत. तिचे मूळ मालक दोघांपैकी एकीचे वडील. पवनीच्या पलीकडच्या गावात प्राथमिक शाळेवर त्यांची हयात गेली, त्यामुळे सारा गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. आम्हीही तेच म्हणू. वाक्ये सोपी होतील.

गुरुजींनी १९९२ साली यामाहा आरएक्स १०० घेतली. टू-स्ट्रोक इंजिन, अठ्ठ्याण्णव घनसेंटिमीटर, अकरा अश्वशक्ती. शंभर किलोच्या आसपासच्या गाडीला अकरा अश्वशक्ती म्हणजे त्या काळी चैनच होती आणि गुरुजींच्या स्वभावात चैन अजिबात बसत नसे. त्यांनी ती का घेतली याचा उलगडा घरात कोणालाच झाला नाही. १९८५ साली आलेली ही गाडी १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक होताच बनायची थांबली. गुरुजींनी मात्र त्यानंतरही वीस वर्षे ती चालवली. २०१६ साली ते गेले आणि गाडी गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली. टाकीत गंज, सीटखाली उंदरांचे घरटे. पुढे एक भाचा (पुन्हा सर्वनामांची अडचण, एकीच्या भावाचा मुलगा) नागपुरात नोकरीला लागला आणि पहिल्या पगारांतून त्याने ती गाडी उभी केली. नवा ब्लॉक, नवा पिस्टन, नवा रंग. जून २०२४ मध्ये तो ती चालवत भंडाऱ्याला आला, किल्ली आत्याच्या हातात ठेवली आणि निघताना एवढेच म्हणाला, “आत्या, फक्त चांगलं पेट्रोल टाकत जा.”

या एका विशेषणावर पुढचा सारा प्रकार घडला.

‘चांगले पेट्रोल’ म्हणजे काय, हे आमच्या पिढीच्या मराठी माणसाला विचारावे लागत नाही. ज्यात रॉकेल मिसळलेले नाही ते चांगले. हा अर्थ आमच्यात मुरलेला आहे, आणि तो काही उगाच नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले, ती बातमी आम्ही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये वाचली होती आणि त्या दिवशी तासाला काय शिकवले ते आजही आठवत नाही. म्हणून चांगले पेट्रोल म्हणजे प्रामाणिक पेट्रोल, असा अर्थ घेऊन आम्ही ओळखीच्या पंपावर जात राहिलो. भाच्याचा अर्थ निराळा होता. तो नागपुरात या गाडीला नेहमीचे पेट्रोल पाजतच नव्हता; अधिक पैसे मोजून जास्त ऑक्टेनचे टाकत होता. ‘चांगले’ हा शब्द त्याच्या तोंडी परिभाषेतला होता, आमच्या कानी तो नीतीतला पडला. एम.ए.च्या वर्गात आम्ही शब्दांच्या अर्थच्छटांवर तासन्‌तास बोलतो, हे इथे नमूद केलेले बरे.

नवरात्रात आम्ही गुरुजींच्या घरी गेलो होतो. परतताना पवनी सोडली तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हलके धान कापणीला आलेले. अड्याळच्या अलीकडे पेट्रोल संपत आले, म्हणून एका किराणा दुकानातून बाटलीतले पेट्रोल घेतले. असे घेऊ नये हे ठाऊक होते, पण घेतले. पुढे अंधार पडायच्या आत घर गाठायचे, समोरून वारा, गाडीवर दोन प्रौढ माणसे आणि माहेरचे दहा किलो तांदूळ, त्यामुळे मूठ पूर्ण पिळलेली. थोड्या वेळाने इंजिनातून एक बारीक आवाज यायला लागला: पत्र्याच्या डब्यात लाखोरीचे दाणे घालून हलवावेत तसा. मूठ सैल केली की थांबे, पिळली की पुन्हा येई. मागे बसलेलीने विचारले, “हे काय वाजतंय?” चालवणारा म्हणाला, “जुनी गाडी आहे.” पहेल्याच्या जरा अलीकडे गाडीचा जोर एकाएकी गेला, एक फुसका आवाज झाला आणि ती थांबली. किक मारली तर पाय अलगद खाली गेला. आत अडवणारे काही उरलेच नव्हते.

त्या रात्री एका टेम्पोवाल्याच्या कृपेने घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन उघडण्याच्याही आधी, आम्ही बस पकडून त्या किराणा दुकानात गेलो आणि दुकानदाराला भर दुकानात, दोन-चार गिऱ्हाइकांसमोर, रॉकेलवरून बोललो. मराठी शुद्ध होते, म्हणून ते अधिक लागले असणार. तो एवढेच म्हणत राहिला, “मॅडम, तेच पेट्रोल मी माह्या गाडीत टाकतो जी.” आम्हाला ते उत्तर निर्लज्जपणाचे वाटले.

मिस्त्रीने दोन दिवसांनी हेड उघडले. (आमच्याकडे मेकॅनिकला अजूनही बरेच जण मिस्त्री म्हणतात, घर बांधणाराही मिस्त्री आणि इंजिन बांधणाराही.) पिस्टनच्या माथ्यावर एक्झॉस्टच्या बाजूला करंगळी जाईल एवढे भोक होते, कडा मेणासारख्या वितळलेल्या. त्याने पिस्टन बाजूला ठेवला, त्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेसुद्धा नाही. हेड मात्र हातात घेऊन उलटे केले, उजेडाकडे धरले, बोटाने त्याची कड चाचपली आणि विचारले, “कोनं कापलं जी हे?”

हेड कापणे हा प्रकार आम्हाला तोवर माहीत नव्हता. ज्यांना अजून नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. पिस्टन वर येतो तेव्हा हवा आणि पेट्रोलच्या वाफेचे मिश्रण दाबले जाते. पाठ्यपुस्तकात त्याला संपीडन म्हणतात, गॅरेजमध्ये कंप्रेशन. दाब जितका अधिक, तितका त्याच पेट्रोलातून अधिक जोर निघतो. दाब वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हेड लेथवर चढवून त्याची खालची बाजू एखादा मिलिमीटर घासून टाकणे. पिस्टनच्या वरची पोकळी तेवढी लहान होते, गाडीला ‘पिकअप’ येतो आणि तरुण माणूस खूश होतो. पण दाबले की वायू तापतो. सायकलच्या पंपाचे बूड हाताला चटका देते ते याच कारणाने. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते आणि पुढचे न जळलेले मिश्रण आणखी दाबत, तापवत नेते. कडेला उरलेले ते मिश्रण ज्योत पोचेपर्यंत थांबले तर सारे ठीक. थांबले नाही, आपल्या आपणच एकदम पेटले, तर दाबाचा तडाखा बसतो आणि तोच आमचा लाखोरीचा आवाज. इंजिनातला वायू दोन हजार अंशांच्या वर तापतो आणि अ‍ॅल्युमिनियम साडेसहाशेच्या आसपास वितळते. तरीही पिस्टन रोज टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागाला चिकटून वायूचा एक पातळ, संथ थर असतो आणि तो उष्णता अडवून धरतो. तडाखे बसू लागले की तो थर फाटतो. मग काही मिनिटांचाच प्रश्न उरतो.

आता ऑक्टेन. आम्ही समजत होतो की ऑक्टेन म्हणजे पेट्रोलाची ताकद. तसे मुळीच नाही. पेट्रोल दाबले आणि तापवले असता ते आपोआप पेटण्याचे किती काळ नाकारते, त्याचे ते माप आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव घेतले, जवळपास ठोके पडूच न देणारे आयसो-ऑक्टेन आणि लगेच ठोके देणारे हेप्टेन. पहिल्याला शंभर आणि दुसऱ्याला शून्य धरून मोजपट्टी तयार झाली. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे जास्त धीराचे पेट्रोल. थॉमस मिजली याने १९२१ साली पेट्रोलात शिशाचे संयुग घालून हा धीर स्वस्तात विकत घेता येतो हे दाखवले. त्याची किंमत पुढे कित्येक दशके जगभरच्या मुलांच्या मेंदूंनी मोजली आणि भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडावे लागले. गुरुजींच्या गाडीची पहिली आठ वर्षे बहुधा त्याच धुरात गेली. भारतात साधे पेट्रोल पूर्वी अठ्ठ्याऐंशी ऑक्टेनचे असे, नंतर एक्क्याण्णवचे आले. आरएक्सचे मूळ हेड त्या जुन्या जमान्यातले, म्हणजे गावोगावच्या पंपांवर जे मिळते त्यावर चालावे असेच बेतलेले.

मिस्त्रीने अंदाजाने बोलायचे नाकारले, हे आम्हाला फार आवडले. नवा पिस्टन बसवून, हेड आवळून त्याने प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत घातली आणि चाक फिरवून पिस्टन वरपर्यंत नेला. तारेचे चेपलेले टोक व्हर्नियरवर अर्धा मिलिमीटर भरले. पिस्टनची कड आणि हेडची कड यांच्यात एवढीच फट उरली होती. तापलेले इंजिन वेगात असताना दोघांची टक्करही झाली असती. मग पोकळी मोजायची होती. त्याला हवी होती काचेची मापाची नळी. आम्ही म्हणालो, ब्युरेट चालेल?

रसायनशास्त्र विभागाच्या परिचरांनी नोंदवही पुढे केली. विभाग: मराठी. वस्तू: ब्युरेट, नग १. प्रयोजन? आम्ही काही क्षण लेखणी धरून उभे राहिलो आणि ‘मोजमाप’ असे लिहिले. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले.

संध्याकाळी गॅरेजमध्ये आमच्यापैकी एकाने ब्युरेट धरली आणि एकीने आकडे टिपले. द्रव रिंगांतून खाली झिरपू नये म्हणून पिस्टनच्या कडेला ग्रीस लावले होते. पिस्टन माथ्यावर असताना प्लगच्या भोकातून तेल मिसळलेले पेट्रोल थेंब थेंब सोडले. सात पूर्णांक दोन घनसेंटिमीटरला पोकळी भरली. मिस्त्रीच्या मते मूळ हेडला ती साडेनऊच्या आसपास असायला हवी होती. टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक खोच आहे: पिस्टन वर येत असताना एक्झॉस्टचे दार बंद होईपर्यंत दाब खऱ्या अर्थाने सुरूच होत नाही, म्हणून पूर्ण धाव न धरता दार बंद झाल्यानंतरची धाव धरून गुणोत्तर काढतात. आमच्या सिलिंडरात ती अठ्ठावीस मिलिमीटर होती. व्यास पन्नास, म्हणजे पंचावन्न घनसेंटिमीटर. त्यात पोकळीचे सात पूर्णांक दोन मिळवून त्यानेच भागले की उत्तर आठ पूर्णांक सहा. कंपनीने हे गुणोत्तर साताच्या आत ठेवले होते. पूर्ण धाव धरून काढले तर चौदाच्याही वर जात होते. हे आकडे मांडताना बाहेर अंधार झाला होता आणि आम्हाला, बऱ्याच वर्षांनी, गणिताच्या वहीत उत्तर बरोबर आल्याचा आनंद झाला.

“पेट्रोल खराब नवतं सर,” मिस्त्री म्हणाला. “गाडी मांगत होती एक, तुमी पाजत होते दुसरं.”

ते वाक्य ऐकून आमच्यापैकी एक जण हसला. दुसरीला तो किराणा दुकानदार आठवला होता.

उपाय सोपा असेल असे वाटले: हेडखाली जाड पॅकिंग घातले की पोकळी वाढेल. मिस्त्रीने मान हलवली. कडेची ती फट निरुपयोगी नसते. पिस्टन वर येताना कडेचे मिश्रण त्या फटीतून मध्याकडे जोराने ढकलले जाते, घुसळले जाते, त्यामुळे ज्योत लवकर पसरते. आणि कडेला उरतो तो पातळसा थर धातूला चिकटून थंड राहतो, आपोआप पेटत नाही. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे इंजिनातल्या ठोक्यांचा पाठपुरावा करताना हा घुसळणीचा मुद्दा धसास लावला. फट फार वाढवली तर दाब कमी होऊनही कडेचे मिश्रण जाड आणि गरम राहते व ठोके पडतच राहतात. म्हणजे दाब कमी करायचा, पण फट बेताचीच ठेवायची. मिस्त्रीने अर्धा मिलिमीटर तांब्याचे पॅकिंग घालून फट एक मिलिमीटरवर आणली आणि उरलेली जागा हेडच्या मधल्या घुमटातून लेथवर कोरून काढायला सांगितली. लेथवाल्याने तीनदा कोरले, आम्ही तीनदा ब्युरेटने मोजले. नऊ घनसेंटिमीटरला थांबलो. गुणोत्तर सात पूर्णांक एक.

एवढ्यावर तो थांबला नाही. कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा टाकला. कारण विचारले तर म्हणाला, आता पेट्रोलात दारू असते. इथेनॉलला तो दारूच म्हणतो आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने चूक बोलत नाही. हे मिश्रणाचे प्रमाण वाढत वाढत २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांवर आले. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने नव्या साध्या पेट्रोलाचा आकडा पंच्याण्णवपर्यंत गेल्याचे सरकार सांगते. तेव्हा भाच्याचे हेड दोन वर्षे उशिरा कापले असते तर निभावले असते का, असा प्रश्न आम्ही मिस्त्रीला नंतर विचारलाही. नाही, म्हणाला. इथेनॉलमध्ये आधीच ऑक्सिजन असतो. त्याच जेटमधून तेवढेच इंधन गेले तर इंजिनाला ते कमी पडते, मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक तापते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहिली आणि पाणी जास्त झाले, की इथेनॉल पाण्याला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळे बसते. वर उरलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन त्याच्याबरोबर खाली गेलेला असतो. पंपावरच्या पाटीवर आकडा पंच्याण्णवच असतो. बाटलीत, पिंपात, महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत तो किती उरला हे पाटी सांगत नाही. गुरुजींची गाडी तर आठवड्यातून एकदा निघते.

मिस्त्रीची ही समज कोणत्या पुस्तकातून आली, हे आम्ही विचारले नाही. त्याच्या बोलण्यात झाडीबोलीचा ‘ण’ नाही, ‘ळ’ही क्वचितच, पण ‘बहुतेक’, ‘साधारणपणे’ हे शब्दही नाहीत, जे आमच्या व्याख्यानांत दर मिनिटाला येतात.

किराणा दुकानात आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. काय बोलायचे ते बसमध्ये ठरवले होते, दुकानात ते जुळेना. आधी साबण घेतला, मग शेंगदाणे. दुकानदाराने ओळखले होते, पुड्या बांधता बांधता त्यानेच विचारले, “गाडी झाली का जी?” झाली, म्हटले, दोष गाडीचाच होता, तुमच्या पेट्रोलाचा नव्हता, आम्ही चुकीचे बोललो. दुकानात त्या वेळी दुसरे गिऱ्हाईक नव्हते. जे बोललो होतो ते चार माणसांत, आणि परत घेतले ते एकट्याजवळ. हा हिशेब अजून जुळलेला नाही. त्याने सुटे पैसे मोजून दिले आणि ठीक आहे म्हणाला.

राहिला भाचा. त्याला काय सांगायचे यावर आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, सरळ सांगावे, कापलेले हेड पुन्हा कुणाच्या जिवावर बेतेल. दुसरी म्हणे, पोराने आजोबांची गाडी स्वतःच्या पगारातून उभी केली, आत्याला आणून दिली. हेड कापले तेही गाडी पुन्हा तरुण व्हावी म्हणून. त्याला कोणत्या तोंडाने सांगणार की तू प्रेमाने केलेस त्यानेच भोक पडले? दिवाळीपर्यंत काहीच ठरले नाही.

भाऊबीजेला तो आला. जेवणे व्हायची होती. त्याने अंगणात गाडीला किक मारली. ती पूर्वीपेक्षा हलकी लागली असणार. आवाज ऐकत क्षणभर उभा राहिला, मग रस्त्याला एक फेरी मारून आला. आम्ही दोघे दारात. त्याने इंजिन बंद केले, टूलकिटमधला पाना काढला, प्लग खोलला आणि उन्हाकडे धरला. टोकाचा रंग कॉफीचा होता, जसा हवा तसा. हेडच्या खाली डोकावणारी तांब्याची कड त्याने नखाने तपासली. प्लग पुन्हा बसवला, हात पुसले.

“आता कोणतं टाकता, आत्या?”

“मिळेल ते,” आम्ही म्हणालो.